पिल्लांची हगवण, घरचा ओवा आणि गुळाचे पाणी



जोडधंदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोन म्हशी, चार शेळ्या, फार झाले तर शे-दोनशे कोंबड्या येतात. वराहपालनाचे नाव काढले की निम्मी मंडळी नाक मुरडतात आणि उरलेली विषय बदलतात. ज्याची त्याची आवड आणि ज्याचा त्याचा धर्म, त्याबद्दल वाद नाही. परंतु ज्यांनी हा धंदा सुरू केला आहे किंवा करावयाचे मनात आहे, त्यांच्या कामी यावे म्हणून हा लेख लिहीत आहे. लिहिणारा पंडित नाही. आपल्यासारखाच ऊस घालणारा सभासद आहे आणि चार माद्या पाळतो.

एक खुलासा आधीच करतो. रात्री फडात शिरून ऊस लोळवणारे रानडुक्कर आणि गोठ्यातले पांढरे यॉर्कशायर यांचे कूळ एकच असले तरी एकाचा राग दुसऱ्यावर काढू नये. यॉर्कशायरची मादी ११४ दिवसांत विते. तोंडपाठ करायचे तर तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. चांगली मादी एका वेळी आठ-दहा पिल्ले देते. हिशेब कागदावर फार गोड दिसतो. मात्र दहा जन्मली म्हणजे दहा विकली असे होत नाही. मधे हगवण उभी असते.

माझी चूक

पहिल्या वेताची गोष्ट सांगतो. डिसेंबरचा महिना, नागपूरची थंडी आपल्याला ठाऊक आहे. मादी नऊ पिल्ले व्याली. चौथ्या-पाचव्या दिवशी तीन पिल्ले मलूल दिसू लागली. आपण ऊसवाले, घरात गूळ असतोच. आजीने आम्हांला अशक्तपणात गुळाचे पाणी पाजले होते, तेच मी पिल्लांना बाटलीने पाजले. बरे वाटेना म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त पाजले. हगवण पाण्यासारखी सुरू झाली. तीन होती ती गेलीच, आणि ‘ह्यांनाही लागू नये’ म्हणून ज्या दोन धडधाकट पिल्लांना पाजले होते, तीही गेली. नवांपैकी पाच. नंतर पशुवैद्यक डॉक्टरसाहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “अहो, तुम्ही औषध नव्हे, जुलाब दिलात.”

कारण असे. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारा पाचकरस भरपूर असतो. उसाची साखर पचवणारा रस मात्र जन्मतः जवळजवळ नसतो. तो हळूहळू दोन-तीन आठवड्यांत तयार होऊ लागतो. साखर असो वा गूळ, मूळ पदार्थ एकच. पहिल्या आठवड्यात पोटात गेलेली साखर न पचता पुढे सरकते, आतड्यात अंगातले पाणी ओढून घेते, वर तिच्यावर जंतू पोसले जातात. पिल्लू कोरडे पडून मरते. माणसाच्या लेकराला साखर-मिठाचे पाणी चालते, कारण त्याच्या आतड्यात तो रस असतो. पिल्लाला द्यायचेच तर ग्लुकोजचे, म्हणजे दवाखान्यात मिळणारी क्षार-ग्लुकोजची पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात विरघळून, थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा.

ज्यांच्याकडे डुकरे नाहीत त्यांच्याही उपयोगाचे एक सांगून ठेवतो. गाई-म्हशीच्या वासराच्या आतड्यात तर उसाची साखर पचवणारा हा रस नसतोच. तेव्हा दुधावरच्या वासराला हगवण लागली असता गुळाचे पाणी पाजण्याची आपल्याकडची रीत सोडावी. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेविरुद्ध लिहिणे विचित्र दिसेल, पण पाच पिल्ले पुरून आलेला माणूस दुसरे काय लिहिणार!

पोटात काय घडते

डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि चिकातले ते द्रव्य आतड्यातून रक्तात जाण्याचे दार साधारण पहिल्या एका दिवसानंतर बंद होते. म्हणून जन्मल्यावर पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लू आचळाला लागले की नाही हे स्वतः बसून पाहावे. धट्टीकट्टी पिल्ले पुढची आचळे धरतात आणि बारके मागे राहते. बारके उचलून पुढे लावावे लागते. हे काम रात्री दोन वाजताही करावे लागते, त्याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट लोहाची. पिल्लाला दररोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते आणि आईच्या दुधातून मिळते जेमतेम १. मातीत लोळणारे पिल्लू मातीतून ते मिळवते. सिमेंटच्या फरशीवरचे पिल्लू पांढरे फटक पडते. तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन पशुवैद्यकाकडून द्यावे. हे चुकले तर पुढचे सर्व उपाय वाया जातात.

खरा घाला पडतो तो दूध तोडताना. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नरस शोषण्याचे काम त्यांचे. दूध एकाएकी तुटले, आई दुरावली, खणात परकी पिल्ले आली, की पिल्लू एक-दोन दिवस खातच नाही. उपाशी आतड्यातले हे अंकुर झिजतात. लवकर दूध तोडलेल्या पिल्लात चार-पाच दिवसांत त्यांची उंची निम्म्यावर येऊ शकते. मग भूक लागली की तेच पिल्लू अधाशासारखे खाते. दूध पिताना जठरात जो आंबटपणा असतो तोही आता कमी झालेला असतो, त्यामुळे जंतू जठरात न मरता खाली उतरतात. न पचलेले अन्न, झिजलेली आतडी आणि वर ई. कोलाय नावाचे जंतू. हे जंतू आतड्याच्या भिंतीला चिकटतात व असे विष सोडतात की अंगातले पाणी उलटे आतड्यात झिरपू लागते. सकाळी टणटणीत असलेले पिल्लू संध्याकाळी डोळे खोल गेलेले दिसते ते यामुळे.

औषधे मिसळण्याचा जमाना

या संकटावर जगभर सोपा उपाय निघाला होता. खाद्यातच थोडे थोडे अँटिबायोटिक कायम मिसळायचे. हगवण कमी, वजनही बरे. पण रोज थोडे विष पचवून जंतू निबर झाले. स्वीडनने १९८६ सालीच वाढीसाठी असे औषध मिसळणे थांबवले. डेन्मार्कने १९९९ अखेर लहान पिल्लांच्या खाद्यातूनही ते काढले, तेव्हा दूध तोडल्यानंतरची हगवण तिकडे वाढली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १ जानेवारी २००६ पासून सर्व युरोपीय संघात ही बंदी लागू झाली. मग तिकडची मंडळी झिंक ऑक्साईडकडे वळली. एक टन खाद्यात दोन-अडीच किलो! हगवण थांबली, पण शेणखतातून जस्त जमिनीत साचू लागले आणि जंतू पुन्हा निबर होऊ लागले. जून २०२२ पासून तेही बंद झाले. आपल्यापैकी जे डुकराचे खत उसाला घालतात त्यांनी ही जमिनीची बाजू ध्यानात घ्यावी.

आपल्या देशात कोलिस्टिन नावाचे औषध जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने दुभती, मांसाची व अंड्यांची जनावरे, मासे आणि त्यांचे खाद्य या सर्वांसाठी बंद केले. कारण, माणूस दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत असताना डॉक्टर जे राखून ठेवलेले औषध काढतात, त्यांपैकी हे एक आहे. २०१५ साली चीनमध्ये डुकरांतल्या जंतूंत असा गुण सापडला की ज्यामुळे कोलिस्टिन निकामी होते आणि तो गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातो. गोठ्यातला जंतू गोठ्यातच राहील याची हमी कोण देणार? पिल्लांना हात लावणारे हात आपल्याच घरात भाकरी थापतात. आजारी जनावराला पशुवैद्यकाने चिठ्ठीवर लिहून दिलेले औषध पुरे दिवस द्यावे, त्यात काही वावगे नाही. ‘वाढीची पावडर’ म्हणून बिनलेबलाची पुडी आणून बादलीभर खाद्यात टाकणे वेगळे.

ओवा, लसूण, हळद

औषधे बंद झाली तेव्हा युरोपातले कारखानदार आपल्या आजीच्या बटव्याकडे आले. त्यांच्याकडे ओरेगॅनो व थाईम नावाच्या वनस्पती आहेत. त्यांच्या तेलातल्या मुख्य द्रव्यांपैकी एक थायमॉल. हे थायमॉल आपल्या ओव्याच्या तेलात भरपूर असते. ओवा चावला की जिभेला जे झोंबते ते हेच. जंतूच्या अंगावरचे पातळ वेष्टण ते फोडते व जंतूचे आतले द्रव्य बाहेर सांडते. प्रयोगशाळेच्या काचेत याची करामत पक्की सिद्ध झाली आहे.

पण राजेहो, काच वेगळी आणि आतडे वेगळे. थायमॉल पोटात गेले की बरेचसे जठर व आतड्याच्या सुरुवातीलाच रक्तात शोषले जाते. जिथे जंतूंचा खरा अड्डा असतो तिथवर थोडेच पोचते. म्हणून परदेशी कंपन्या तेलाचे थेंब चरबीच्या वेष्टणात बंद करून विकतात आणि त्याचे पैसे घेतात. शिवाय ओव्यातले तेल जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे आणि साठवणीप्रमाणे बदलते. दोन वर्षे डब्यात पडलेला, वास उडालेला ओवा म्हणजे नुसती काडी. यामुळे जगात झालेल्या प्रयोगांचे निकालही एकसारखे नाहीत. काही ठिकाणी हगवण कमी झाली, काही ठिकाणी काहीच फरक नाही. जिथे गोठा आधीच स्वच्छ व खाद्य उत्तम, तिथे फरक कमी दिसतो, हे मात्र ध्यानात येण्यासारखे आहे.

लसणाचे असे की त्यातले काम करणारे द्रव्य पाकळी ठेचल्यावरच तयार होते आणि उष्णतेने नाहीसे होते. तेव्हा लसूण शिजवून घालू नये. ठेचून, थोडा वेळ ठेवून, गार खाद्यात कालवावा. पिल्ले पहिल्या दिवशी तोंड फिरवतात, मग सवय होते. हळदीतले पिवळे द्रव्य रक्तात फारसे जात नाही, पण आपल्याला ते आतड्यातच हवे असल्याने ती अडचण नाही. अडचण आहे ती भेसळीची. बाजारातल्या चकाकत्या हळदीत शिशाचा पिवळा रंग सापडल्याची उदाहरणे आहेत; हळकुंडे आणून घरी दळावीत. डाळिंबाची साल व बेलफळ यांत तुरट द्रव्य असते, ते आतडे आवळते. बेताने दिल्यास पातळ पडणे थांबते, पण जास्त झाले तर खाद्यातले प्रथिनच बांधून टाकते आणि पिल्लू वाढत नाही. कडुनिंबाबद्दल आपल्याकडे फार श्रद्धा. मी घालून पाहिला, पिल्लांनी खाद्यच सोडले. दूध तोडताना ज्याने भूक मरते असे काहीही नको.

मी आता काय करतो? १०० किलो खाद्यात अर्धा किलो ताजा दळलेला ओवा व अर्धा किलो घरची हळद, दूध तोडण्याच्या आधी एक आठवडा ते नंतर तीन आठवडे. एकाच मादीची पिल्ले दोन खणांत विभागून, एकीकडे ओवा-हळद व दुसरीकडे साधे खाद्य, असेही दोन वेतांत करून पाहिले. एका वेतात ओवा खाणाऱ्यांची विष्ठा घट्ट राहिली. दुसऱ्यात काहीच फरक दिसला नाही. वजनात दोन्ही वेळा म्हणण्यासारखा फरक नव्हता. खर्च थोडा आहे, तोटा दिसत नाही, म्हणून चालू ठेवले आहे. कोणी ‘आमची वनौषधी पावडर घ्या, एकही पिल्लू मरणार नाही’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. मी एकदा अशी पावडर महाग घेतली होती; डब्यावर ना घटक लिहिलेले, ना मुदत.

खाद्य हेच पहिले औषध

माझी पिल्ले वाचू लागली ती खरे म्हणजे चार साध्या गोष्टींनी, आणि त्यांत ओव्याचा नंबर शेवटचा आहे.

पिल्लू दहा दिवसांचे झाले की आईला शिरता येणार नाही अशा कोपऱ्यात मूठभर भरड ठेवावी. खाण्यापेक्षा खेळणेच जास्त होते, पण आतड्याला ओळख होते. उरलेले रोज काढून नवे घालावे. आंबलेले ठेवू नये. दूध २८ दिवसांत तोडण्याची घाई मोठ्या फार्मांना परवडते, कारण त्यांच्याकडे दुधाच्या भुकटीचे महागडे खाद्य असते. आपण सहा आठवडे तरी थांबावे. आणि त्या दिवशी पिल्ले हलवू नयेत, आईला हलवावे. ओळखीच्या जागेत पिल्लू लवकर खाऊ लागते.

माझे मिश्रण १०० किलोस असे: मका भरड व तांदळाची कनकी मिळून ६०, सोयाबीन ढेप २५, मासळीची भुकटी ७, गव्हाचा कोंडा ५, क्षारमिश्रण अडीच आणि मीठ अर्धा किलो. भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमधली कनकी आपल्याकडे सहज येते. दूध तोडल्यावर पहिले आठ दिवस ती शिजवून द्यावी, कारण शिजलेला तांदूळ झिजलेल्या आतड्यालाही पचतो. सोयाबीन घरचे आहे म्हणून कच्चे दळून घालण्याचा मोह विदर्भात प्रत्येकाला होतो. करू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचे पचन अडवणारे द्रव्य असते, ते भाजल्यावर किंवा शिजवल्यावरच जाते. काही हगवणी जंतूंच्या नसतात, कच्च्या सोयाबीनच्या असतात. बुरशी आलेली शेंगदाणा ढेप व ओलसर मका ही त्याच्याही पुढची गोष्ट. ते जनावराच्या यकृतावर जाते. फेकून द्यावे.

आता आपल्या घरची मळी. येथे मळी म्हणजे मोलॅसिस, प्रेसमड नव्हे. क्यूबासारख्या ऊसवाल्या देशात मोठ्या डुकरांना मळीवर वाढवण्याचे बरेच काम झालेले आहे. मोठ्या जनावराला १० ते १५ टक्के चालते, खाद्य चविष्ट होते व धूळ उडत नाही. पण मळीत पोटॅशसारखे क्षार फार, त्याने विष्ठा पातळ पडते. नुकतेच दूध तोडलेल्या पिल्लाला पाच टक्क्यांच्या वर नको. दुधावरच्या पिल्लाला मुळीच नको, कारण वर सांगितलेच आहे. मळी नेण्या-साठवण्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियम असतात, ते कारखाना कार्यालयात विचारूनच पाऊल टाकावे.

आणि ऊब. नवजात पिल्लाला ३२-३४ अंश लागतात. नागपूरच्या हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांपर्यंत खाली येतो. ओल्या फरशीवर गारठलेले पिल्लू दूध पीत नाही, चीक चुकतो आणि तिथूनच हगवणीची सुरुवात होते. कोपऱ्यात तणस किंवा कोरडे बगॅस अंथरून वर एक दिवा टांगावा. पिल्ले एकमेकांवर चढून निजली तर थंडी आहे असे समजावे. दिव्यापासून दूर पांगली तर ऊब जास्त झाली.

जिथे ओवा उपयोगाचा नाही

विष्ठेत रक्त, अंगावर लाल-निळे चट्टे, जोराचा ताप, मोठी जनावरेही पटापट पडणे, असे दिसले तर बटवा बंद करून ताबडतोब पशुवैद्यकास बोलवावे. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग २०२० साली आसाम व अरुणाचलात प्रथम आला व पुढे अनेक राज्यांत पसरला. त्यावर औषध नाही. माणसाला तो होत नाही, पण कळप साफ करतो. तो पसरण्याची एक मोठी वाट म्हणजे हॉटेल-खानावळीचे उष्टे. नागपूर शहराभोवतीचे बरेच वराहपालन याच उष्ट्यावर चालते, म्हणून हे ठासून सांगतो. उष्टे आणले तर अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय देऊ नये. दुसरा जो जुना स्वाइन फीवर आहे त्याची लस मिळते, ती चुकवू नये.

पिल्लू मेले तर ते उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नये. खोल खड्डा करून चुना घालून पुरावे. पण त्याआधी एकदा तरी डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्यावे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आता ते २००० साली स्थापन झालेल्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येते. मेलेले पिल्लू नेताना प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत बर्फासह, त्याच दिवशी न्यावे. दुसऱ्या दिवशी नेल्यास उन्हात सडून काही कळत नाही. विष्ठेचा नमुना औषध सुरू करण्यापूर्वी स्वच्छ बाटलीत घ्यावा. बरोबर एक कागद असू द्यावा: पिल्लू किती दिवसांचे, दूध कधी तोडले, खाद्यात काय काय घातले, कोणती पुडी दिली. शेवटची गोष्ट लपवू नये. गुळाचे पाणी पाजल्याचे मी पहिल्या दिवशी सांगितले नव्हते, त्यात दोन दिवस गेले.